खळ लावलेली बाजू

दादा, तुझ्या दहाव्याच्या आदल्या दिवशी, बाजारच्या दुपारी, दिंद्रुडच्या स्टँडासमोरच्या दुकानात तुझ्या फोटोची फ्रेम चारशे रुपयांत ठरली. हजर होते: वहिनी, तुझा संतोष, दुकान चालवणारा अस्लम आणि मी. अस्लमचे वडील गफूरचाचा मागं बाजेवर बसले होते. त्यांना आता दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं, तेव्हा त्यांनाही हजर धरते.

सभेचं इतिवृत्त लिहायचं तर आधी दिवस, रक्कम आणि हजेरी, मग विषय. लग्नाआधी तुझ्या दूध संस्थेचं इतिवृत्त मी तुझ्या सांगण्यावरून लिहायची, तेव्हा तूच हे शिकवलंस. आज पालीजवळच्या आमच्या गावात बायकांच्या संस्थेचं लिहिते, तेही तसंच लिहिते. आजचा विषय एकच आहे. फोटोंच्या मागं मी तुला जे लिहिलं होतं, ते तू कधी वाचलंच नव्हतंस. हे मला त्या दुपारी कळलं, आणि तोवर तुझी राख पाण्यात गेली होती.

तुझा एकट्याचा धड एक फोटो घरात निघाला नाही. आधार कार्डावरचा वहिनीला नको होता. म्हणाली, "त्यात ते चोरीच्या केसमधले दिसतात." मग तिनंच सुचवलं, भिंतीवरच्या मोठ्या फ्रेमीतला काढा. त्यात सगळ्यात वर माझ्या लग्नातला फोटो आहे, आपण दोघं शेजारी उभे. तुझ्या खांद्यावर टॉवेल, आणि नवरी मी असून रडकं तोंड तुझं. त्यातला तू तेवढा मोठा करून घ्यायचा असं ठरलं. संतोषनं फ्रेम उतरवली, वहिनीनं जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि मोटारसायकलवर मांडीत धरून आणली.

अस्लमनं मागचे खिळे काढले, काच बाजूला ठेवली आणि पुठ्ठ्यावर नख मारून बघितलं.

"मावशी, हे सहजी सुटणार न्हाई. अब्बानं खळीत मोरचूद घालून लावलंय. कीड लागत न्हाई, पण फोटो बी उठत न्हाई."

"अरे माझ्या हातचं हाय ते," मागून गफूरचाचा म्हणाले. "उठंल कसं?"

अस्लमनं ओलं फडकं ठेवलं, थोडं थांबला आणि पातळ पातं घालून कडा सोडवायला लागला. पाणी खाली उतरलं तसे खालचेही फोटो सुटायला लागले. पहिला उलटा झाला. त्यावर निळसर खळीचे डाग आणि डागांखाली अक्षर.

"मागं कायतरी लिहिलेलं हाय," तो म्हणाला.

माझंच होतं. मी पदर तोंडात धरला. खळ लागल्यापासून तो फोटो कुणी उचलला नव्हता, हे मला बघताक्षणी कळलं. पण तो वाचून लावला की न वाचता, हे नुसतं बघून कसं कळणार? तोवर मला तरी काय माहीत होतं? गफूरचाचांनी सांगितलं तेव्हा कळलं. ते पुढं येईल.

दादा, ज्यांना आपलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. तो दुष्काळ पडला तेव्हा आमच्या घरचे आणि मी, नवरा-बायको, ऊस तोडायला खाली कारखान्याकडं गेलो. तू इकडं राहिलास. पुढच्या साली दुष्काळ वाढला आणि तुझ्या संस्थेनं चारा छावणी चालवायला घेतली. तीनशेच्या वर जनावरं, आणि त्यांची सकाळ-संध्याकाळची हजेरी तुझ्या गळ्यात. आठवड्यात एकदा दिंद्रुडचा बाजार, एवढाच तू मोकळा.

आमच्या कोप्यांवर, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांवर, बाजाराच्या दिवशी सायकलवर एक फोटोवाला यायचा. या बाजारी काढलेला फोटो पुढच्या बाजारी आणून द्यायचा. टोळीतल्या सगळ्यांची रीत अशी होती की फोटोवाल्याच्याच पेनानं मागं निरोप लिहायचा आणि गावाकडं निघालेल्या ट्रकच्या ड्रायव्हरजवळ द्यायचा. पुढची बाजू न वाचणाऱ्यांसाठी, मागची वाचणाऱ्यांसाठी. म्हातारी तोंडं बघणार, शाळेतला नातू उलटून वाचून दाखवणार. पत्र कुठून आणायचं, पोस्ट कुठं शोधायचं? आमच्या टोळीत लिहिता येणारी बाई मी एकटी. सगळ्यांचे फोटो माझ्याकडंच यायचे. "सुमन, लिही गं, बैल बरा हाय. आन् लिही की मी बी बरी हाय, पण बैलाचं आधी लिही."

तुझ्या गावात ट्रक जात नव्हता. ड्रायव्हर फोटो दिंद्रुडला स्टँडासमोर फ्रेमच्या दुकानात ठेवायचा, तू बाजाराला आलास की नेशील म्हणून. सगळेच असे निरोप त्या दुकानात ठेवायचे.

मी चार फोटो पाठवले. पहिल्याच्या मागं: "दादा, पोचलो. कोपी बांधली. वैनीला सांग लोणच्याची बरणी फुटली न्हाई, तिनं पैज लावली होती." दुसऱ्याच्या मागं: "मोळी आता डोक्यावर पेलते. तू हसशील. संतोषचे पाढे कुठवर आले? जमलं तर फोटोच्याच मागं उत्तर लिही." उत्तर आलं नाही. मनाला लावून घ्यावं असं त्यात काही नव्हतंही. हंगाम संपवून आले तर भिंतीवर ही फ्रेम. वर लग्नातला, खाली माझे दोन. मी विचारलं, "फोटो मिळाले व्हय?" तू म्हणालास, "मिळाले की. झकास आलेत." आपण दोघंही खरं बोललो, दादा. त्या एका वाक्यावर पुढचं सगळं उभं राहिलं.

तिसरा फोटो दुसऱ्या हंगामातला. त्यात मी कोपीच्या दाराशी बसलेय, मांडीवर बाळ. बाळाच्या डोक्याला मी माझ्या ब्लाउजच्या तुकड्याचं टोपडं शिवलं होतं. फोटोवाला म्हणाला, हस, तर हसले. तो पुढच्या बाजारी फोटो घेऊन आला तेव्हा बाळ तापलेलं होतं. त्या हसऱ्या फोटोच्या मागं मी जे लिहिलं, त्यातलं अर्धं आता पुठ्ठ्यावर राहिलं आणि अर्धं फोटोवर. पुठ्ठ्यावरचं उलटं उमटलं होतं. अस्लमनं विकायच्या आरशांतला एक आरसा काढून समोर धरला. संतोष आरशात बघून एक-एक शब्द वाचत गेला. मला वाचायची गरज नव्हती. मी त्याच्या पुढं-पुढं मनात म्हणत होते.

"दादा, बाळाला दूध पुरत न्हाई. अंगात ताप हाय, उतरत न्हाई. मुकादम सोडत न्हाई. ह्यांनी उचल घेतली हाय, मधीच निघालो तर ह्यांना धरतील. पण बाळंतिणीला भाऊ न्यायला आला तर कुणी न्हाई म्हणत न्हाई. शिमग्याच्या आत ये. ड्रायव्हरला तोंडी सांगत न्हाई, तो मुकादमाचा हाय. मी रस्त्याकडं बघते. सुमी."

संतोष "सुमी"पाशी थांबला. वहिनी खाली बसली.

शिमगा झाला. मी फडात जाताना आणि येताना त्या रस्त्याकडं बघायची. टॉवेल खांद्यावर टाकलेला कुणीही लांबून येताना दिसला की मला तू वाटायचास. मग तो जवळ यायचा आणि दुसराच असायचा. बाळ गेलं तेव्हाही मी आधी रस्त्याकडंच बघितलं. अजून मला हे कुणापुढं बोलता येत नाही. आमच्या घरच्यांपुढंही नाही.

आता त्या उन्हाळ्याचं. मी तुझ्या दारात आले. तू हातातली बादली खाली टाकून पुढं आलास, डोळे भरलेले. म्हणालास, "सुमे, अगं एक निरोप तर धाडायचा."

"धाडला व्हता."

"कुणाजवळ? मला कावून न्हाई आला मंग?"

"तुला न्हाई आला?" मी भिंतीकडं बोट केलं. फ्रेमीच्या मधोमध बाळाचा फोटो होता. "मंग ते काय टांगलंय?"

तू फ्रेमीकडं बघितलंस. आणि म्हणालास, "लई गोड आलाय गं त्यात."

त्या वाक्यानंतर मी तुझ्या घरातलं पाणी प्यायले नाही. मला वाटलं, यानं वाचलं, छावणीची हजेरी सोडवली नाही, दोन तोंडं वाढतील म्हणून आला नाही, आणि आता मेलेल्या लेकराचा फोटो मधोमध लावून मला गोड म्हणून दाखवतो. तुला काय वाटलं असेल? बहीण दुःखानं भ्रमिष्ट झाली, फोटोकडं बोट करून भांडते. मी बोट बरोबर जागेवर ठेवलं होतं, दादा. तू बघितलंसही बरोबर जागेवर. मध्ये फक्त एक कागद होता.

चौथा फोटो मी पुढच्या हंगामात पाठवला, मागं मुद्दाम काही न लिहिता. तू उलटून बघशील, कोरं दिसेल आणि तुला लागेल, म्हणून. अस्लमनं तो सोडवला तेव्हा मागं नुसती खळ होती. तो म्हणाला, "ह्याच्यावर काय न्हाई मावशी." मी म्हटलं, "माहीत हाय." माझा रागही तुझ्यापर्यंत पोचला नव्हता.

त्यानंतर मी फोटो काढले नाहीत.

तू दर भाऊबीजेला यायचास. साडीचा पुडा आणि बुंदी ओट्यावर ठेवायचास. मी चहा करायची, पण ओवाळायचं ताट कधी केलं नाही. तू ताटाची वाट बघत बसायचास आणि वाट बघत नाही असं दाखवायला आमच्या घरच्यांशी म्हशीवर बोलायचास. "पाव्हणं, फॅट किती लागतं हो हिचं?" "सात." "सात? पाणी पाजायचं विसरले जणू." ते हसायचे, तू हसायचास, मी आत चुलीपाशी उभी. शेवटची बस निघायच्या आत तू उठायचास. जाताना दरवर्षी तेच: "येतो सुमे." मी दरवर्षी म्हणायची, "बरं."

आणि मांजरसुंब्याचं. यंदाच्या उन्हाळ्यात तू दूध संघाच्या मीटिंगला निघालेला, मी केजहून परत येत होते. फाट्यावर समोरासमोर आलो. तू ढाब्यावरून दोन चहा घेऊन आलास. तू म्हणालास, "एकदा बसून बोलू गं. त्या साली नेमकं काय झालं, मला अजून उमगलं न्हाई."

"तुला न्हाई उमगलं?"

"न्हाई बाई. देवाशपथ."

"आता बोलून काय भेटणार हाय?"

बस लागली होती. मी चढले. खिडकीतून बघितलं तर तू माझा न प्यायलेला चहा हातात धरून उभा होतास. तुला मी शेवटचं असंच बघितलं. मी तिथं एक वाक्य बोलले असते, 'फोटोच्या मागं लिहिलं होतं', तर तू घरी जाऊन ती फ्रेम फोडली असतीस. त्याच रात्री फोडली असतीस. मग मला फोन केला असतास. तू काय म्हणाला असतास ते मी रोज ठरवते आणि रोज वेगळं ठरतं. दादा, मला एकदा तरी खरं काय ते ऐकू दे. हे असं लिहून काही होत नाही, मला कळतं. तरी लिहिते.

दुकानात मी गफूरचाचांना विचारलं, "चाचा, हे कुणीच वाचलं नव्हतं?"

"बेटी, मला मराठी वाचता येत न्हाई. उर्दू येतं. फोटोच्या मागं काय असतं? नाव, गाव, नंबर. फोटोवाले लिहितातच. मी वरून खळ मारायचो."

"आन् दादा?"

"त्याचा तर हुकूमच व्हता. म्हणला, चाचा, बहिणीचे फोटो येतील. घरी नेले तर पोरं हाताळून मळवतील. ड्रायव्हरनं दिला की लगेच लावा, मला काचंतच दावा. फ्रेम हंगामभर इथंच टांगलेली असायची. दर बाजारी यायचा, समोर उभा ऱ्हायचा. बाळाचा आला तवा दुकानात पेढे वाटले त्यानं. मी म्हणलं, अरे मामा झालास, उडी तरी मार."

"मारली का?" संतोषनं विचारलं.

"मारली की. टॉवेल पडला त्याचा."

मी त्या म्हाताऱ्यावर रागवायला गेले आणि राग आला नाही. तो ज्या बाजूला बघून बोलत होता, तिकडं कुणी नव्हतं. त्यानं विचारलं, "काय लिवलं व्हतं बेटी?" मी सांगितलं, "काय न्हाई चाचा. खुशालीच."

मग वहिनी बोलली. बसल्या जागेवरून, खाली बघत. "ताई, बाळाचा फोटो आला त्याच आठवड्यात ह्यांनी माळ्यावरचा पाळणा काढला व्हता. दोऱ्या कुजल्या म्हणून नव्या वळल्या. मी म्हणलं, आत्ताच घेऊन या की दोघांला. तर म्हणले, हंगाम सोडवून कसं आणू? तिच्या मालकाला टोळीत खाली बघावं लागंल. उन्हाळ्यात येतीलच."

म्हणजे तू पाळण्याच्या दोऱ्या वळत होतास आणि मी रस्त्याकडं बघत होते. दोन्ही एकाच आठवड्यातलं. मी हे एकाखाली एक मांडून बघते. आयुष्यभर दुधाचे आकडे जुळवले, रात्री झोपण्याआधी लिटरचा लिटरला मेळ घातला. याचा लागत नाही.

रागही येतो, खोटं कशाला बोलू. एकदाही कसं वाटलं नाही तुला? बहीण लिहिती-वाचती, तिला अक्षर तूच शिकवलंस, मग ती नुसतं तोंड पाठवेल का? संस्थेच्या पडवीत, दुधाच्या कॅनच्या झाकणावर तू मला खडूनं लिहायला लावायचास. आईनं विचारलं होतं, पोरीला कशाला? तू म्हणालास, "उद्या लांब दिली तर चार ओळी तरी लिहील." माझं अक्षर तुझं अक्षर आहे, दादा. तुझ्यासारखीच मी ओळीच्या शेवटी रेघ लांब ओढते. अस्लमनं फोटो उलटे मांडले तेव्हा संतोष आधी म्हणाला, "हे तर आप्पांचं अक्षर." त्या चार ओळींसाठी तू मला शिकवलंस, मी त्या लिहिल्या आणि त्या तुझ्याच भिंतीवर, तुझ्या डोळ्यांसमोर राहिल्या. वहिनी सांगते, दर शनिवारी तू ती काच स्वतः पुसायचास. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचास: ही आमची सुमी, हा भाचा. भाचा "होता" असं कधी म्हणाला नाहीस. माझ्या बाळाला या जगात दुसऱ्या कुणाच्या घरी जागा नव्हती. तुझ्या घरी ती मधोमध होती, आणि त्याच जागेसाठी मी तुला टाकलं.

मला माफ कर असं लिहायला घेतलं होतं. ते खोडलं. कुणाचं काय चुकलं हे नीट मांडता येईना. तुझं नाही, चाचांचं नाही, माझंही थोडंच. तरी बाळ गेलं आणि तू गेलास. माझ्याजवळ उरली ती भाऊबीज, आणि ती आता येईल.

शेजारच्या स्टुडिओवाल्यानं लग्नातल्या फोटोवरून तुझ्या दोन प्रती काढल्या. मोठी नव्या फ्रेमीसाठी. धाकटी कशाला, असं अस्लमनं विचारलं, तेव्हा वहिनीनं जुन्या पुठ्ठ्यावर खालच्या कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं एक जागा रिकामी होती. पेन्सिलीनं चौकट आखलेली, आत काही नाही. संतोष म्हणाला, "मला माझा क्रिकेटचा फोटो तिथं लावायचा व्हता. आप्पांनी लावू दिला न्हाई. म्हणले, ती जागा सुमीची हाय."

अस्लमनं खळीचा डबा उघडला. मी म्हटलं, "खळ न्हाई. कुठल्याच फोटोला न्हाई. नुसत्या पट्ट्या आन् खिळे. मागून उघडता आलं पायजे." मग त्याच्याकडून पेन मागून घेतला आणि तुझ्या धाकट्या फोटोच्या मागं लिहिलं: "दादा, माझा निरोप तुला पोचला नव्हता. मला आज कळलं. सुमी." शाई वाळेपर्यंत फुंकर मारली. वहिनीनं वाचलं, संतोषनं वाचलं, गफूरचाचांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मगच लावू दिलं.

शेवटी दिलं ते असं: नव्या फ्रेमीचे चारशे, अस्लमला. दोन प्रतींचे एकशे वीस, स्टुडिओवाल्याला. जुनी फ्रेम पुन्हा बांधायचे काही नको म्हणाला, तरी त्याच्या लेकराच्या हातावर पन्नास ठेवले. पाचवा फोटो लावायचे पैसे मी गफूरचाचांपुढं धरले, तर त्यांनी चाचपडत माझा हात मागं सारला. म्हणाले, "तुझ्या भावानं पाचाचे आगाऊ दिलते बेटी. चारच आले. एकाचे माझ्याकडं हायत."